जुन्या चिनी नोटांवरची चित्रे वाचायला हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत चीनच्या चलनाविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. त्यातील अर्थकारणाची मांडणी नेटकी आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘चिनी नोटांवर प्रारंभापासून माओ यांचीच छबी आहे’ असे छापले गेले आहे, आणि मजकुरात मिंग काळातल्या नोटेचा उल्लेख येतो तेथे तिच्यावरील चित्रांची बोळवण ‘सजावटीची नक्षी’ एवढ्या दोन शब्दांत केली आहे. पहिले विधान सरळसरळ चुकीचे आहे. दुसऱ्याला चूक म्हणता येणार नाही, पण त्यामुळे नोटेवरचा सर्वांत बोलका भागच वाचकाच्या नजरेतून निसटतो. जुन्या चिनी नोटा जमवण्याचा आणि त्या भिंगाखाली धरून बसण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवले नाही. पत्र लांबले आहे. जागेच्या सोयीने काटछाट करण्यास माझी हरकत नाही, फक्त मिंग नोटेचा भाग तेवढा कापू नये, ही विनंती.

त्या नोटेपासूनच सुरुवात करतो. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट हाँगवू याने १३७५ मध्ये ‘दा मिंग बाओचाओ’ नावाने ओळखली जाणारी नोट काढली. तिच्या काही अस्सल प्रती जगभरातल्या संग्रहालयांत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही, जपून ठेवलेल्या आहेत. माझ्याजवळ अर्थातच अस्सल नोट नाही, मूळ आकाराची प्रतिकृती आहे, आणि तीसुद्धा पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी चकित झालो होतो, कारण सुमारे ३४ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद अशी ही नोट आजच्या ए-फोर कागदाहूनही मोठी आहे. मूळ कागद तुतीच्या सालीचा, राखाडी झाकेचा. माथ्यावर सहा ठसठशीत अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ ‘महान मिंगांची सर्वत्र चालणारी मौल्यवान नोट’ असा होतो. भोवती रुंद चौकट असून तीत ड्रॅगन वळवळत गेले आहेत. चौकटीच्या आत ‘एक ग्वान’ हे मूल्य लिहिले आहे आणि त्याच्या खाली लेखकाने जिला नक्षी म्हटले ती गोष्ट आहे: पाच-पाचच्या दोन ओळींत टांगल्यासारख्या दिसणाऱ्या नाण्यांच्या दहा माळा.

त्या काळी चीनमधल्या तांब्याच्या नाण्याला मधोमध चौकोनी भोक असे आणि ती नाणी दोरीत ओवून ठेवण्याची पद्धत होती. चित्रातली एक माळ शंभर नाण्यांची. दहा माळा म्हणजे हजार नाणी, आणि हजार नाणी म्हणजे एक ग्वान. पाचशेच्या नोटेवर अशा पाचच माळा होत्या आणि शंभराच्या नोटेवर एकच. ज्याला एकही अक्षर वाचता येत नव्हते, त्या हमालाला किंवा भाजीवाल्याला नोटेचे मूल्य माळा मोजून कळत होते. नक्षी काढून टाकली तर नोटेचे काही बिघडत नाही. या माळा पुसल्या असत्या तर बहुसंख्य लोकांच्या लेखी नोट मुकी झाली असती. तेव्हा तिला नक्षी कशी म्हणायची?

माळांच्या खाली मजकुराचा चौकोन आहे. ही नोट तांब्याच्या नाण्यांबरोबर चालवावी, बनावट नोट करणाऱ्याचा शिरच्छेद केला जाईल, आणि त्याची खबर देऊन पकडून देणाऱ्यास अडीचशे ल्यांग (चांदी तोलण्याचे चिनी माप) चांदी व शिवाय गुन्हेगाराची मालमत्ता मिळेल, असे त्यात बजावले आहे. सरकारी दराने एक ग्वानची नोट म्हणजे एक ल्यांग चांदी. म्हणजे एका नोटेच्या मूल्याच्या अडीचशेपट बक्षीस त्याच नोटेवर छापलेले होते. या मांडणीकडे मी जितक्यांदा पाहतो तितक्यांदा मला त्यातली योजना जाणवते. मूल्य चित्रात सांगितले आहे, कारण ते सगळ्यांना कळायला हवे. धमकी मात्र अक्षरांत आहे, कारण नोटेची नक्कल करू पाहणाऱ्याला ती अक्षरे एकेक करून स्वतःच्या हाताने ठशात कोरावी लागणार होती. स्वतःच्या शिरच्छेदाचा हुकूम उलट्या अक्षरांत कोरत बसलेल्या त्या माणसाची मला कधी कधी कीव येते.

मात्र या चित्रात एक मोठी गोम आहे. चित्रातल्या त्या हजार नाण्यांवर नोटधारकाचा प्रत्यक्षात काहीच हक्क नव्हता. लोकांनी सोने-चांदी सरकारात जमा करून नोटा घ्याव्यात, अशी सोय होती. नोटा परत करून सोने-चांदी किंवा नाणी मागण्याची सोय नव्हती. सरकार खर्चासाठी नोटा काढत राहिले, जुन्या नोटा पुरेशा प्रमाणात परत घेतल्या गेल्या नाहीत, आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून ही नोट जवळपास बाद होऊन तिची जागा चांदीने घेतली. त्या सगळ्या घसरणीत चित्र मात्र जराही बदलले नाही. हाँगवूनंतर किती सम्राट आले आणि गेले, तरी नोटेवर राजवर्षाचे नाव त्याचेच छापले जात राहिले आणि माळाही तशाच दहाच्या दहा टांगलेल्या राहिल्या.

नोटेवर चित्र काढण्याची कल्पना मिंगांची नव्हे, हेही येथे नोंदवायला हवे. कागदी चलनाचे मूळ मिंगांच्या कितीतरी आधीच्या सोंग घराण्याच्या काळातल्या सिचुआन प्रांतात आहे. तेथे लोखंडी नाणी चालत, ती इतकी जड की थोड्याशा खरेदीलाही ओझे वाहून न्यावे लागे. म्हणून चेंगडूच्या व्यापाऱ्यांनी नाणी ठेवून घेऊन त्याबदली पावत्या देण्यास सुरुवात केली. या पावत्यांना जिआओझी म्हणत. पुढे सोळा श्रीमंत पेढ्यांनी मिळून त्या काढल्या, काही पेढ्यांना पैसे परत करणे जमेना, खटले झाले, आणि अखेर १०२३ मध्ये सरकारने त्यासाठी स्वतःचे कार्यालय स्थापन करून १०२४ मध्ये पहिल्या सरकारी नोटा काढल्या. या खासगी पावत्यांचे जे जुने वर्णन उपलब्ध आहे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्यांवर घरे, झाडे आणि माणसे छापलेली असत, पेढीची सही असे, प्रत्येक पेढीची स्वतःची गुप्त खूण असे, आणि लाल व काळी शाई एकमेकींत मिसळून वापरलेली असे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कागदी चलनाच्या अगदी पहिल्या पिढीत चित्राचे काम कुलपाचे होते. घराच्या कोणत्या खिडकीची रेघ मुद्दाम तुटकी ठेवली आहे, हे पेढीच्या मुनिमाला ठाऊक असावे आणि नक्कल करणाऱ्याला ठाऊक नसावे, अशा धर्तीची ती व्यवस्था असणार.

पुढच्या काळात सिचुआनच्या नोटा छापायला सहा वेगवेगळे ठसे वापरले जात. त्यांतले चार काळ्या शाईचे, एक निळ्या आणि एक लाल शाईचा. लाल ठशात जुन्या कथांतले प्रसंग कोरलेले असत. रंग एकमेकांवर नेमके बसवून छापणे हे त्या काळी भल्याभल्या कारागिरांची परीक्षा पाहणारे काम होते, आणि तेच नेमके हवे होते.

सोंग काळातल्या एका ठशाचा छाप आज अनेक ग्रंथांत पाहायला मिळतो, आणि मला तो सर्वांत आवडतो. वर एका ओळीत दहा गोल नाणी. मध्ये मजकूर. खाली एका इमारतीसमोरचे अंगण, त्यात धान्याच्या पोत्यांची थप्पी आणि पोती वाहणारी माणसे. चित्रालगत तीन अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ ‘हजार कोठारे’ असा असून ते शब्द चीनच्या प्राचीन काव्यसंग्रहातून उचललेले आहेत. हा ठसा जिआओझीचाच आहे, असे पुष्कळ ठिकाणी बेधडक लिहिले जाते. मात्र ठशावरचाच मजकूर असा आहे की, सिचुआन वगळून इतर सर्व प्रांतांत ही नोट सातशे सत्तर रोख नाण्यांच्या हिशेबाने चालेल. त्यामुळे तो नक्की कोणत्या नोटेचा, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी चित्राचा रोख स्पष्ट आहे. वरची नाणी सांगतात की हा पैसा आहे, आणि खालची पोती सांगतात की या पैशामागे भरलेले कोठार आहे.

सोंगांनंतरच्या युआन घराण्याचा मंगोल सत्ताधीश कुब्लाई खान याने १२६० आणि १२८७ मध्ये काढलेल्या नोटांवरही नाण्यांच्या माळांची चित्रे आहेत. त्याच नोटा पाहून मार्को पोलो थक्क झाला होता. त्यांत भर पडली ती लिपीची: १२८७ च्या नोटांवर चिनी अक्षरांबरोबर फाग्स-पा लिपीतला मजकूर आहे. ही लिपी कुब्लाईने एका तिबेटी भिक्षूकडून खास तयार करवून घेतली होती. सामान्य चिनी माणसाला ती वाचता येत नसणार. पण राज्य कोणाचे आहे, हे ती न वाचताही समजत असणार.

यानंतरचा टप्पा चिंग घराण्याचा. तैपिंग बंडाने दक्षिणेकडचा महसूल तुटला, तिजोरी रिकामी झाली आणि १८५३ मध्ये सम्राट शियानफंगच्या सरकारने दोन प्रकारच्या नोटा काढल्या: चांदीच्या हिशेबातली ‘ग्वानप्याओ’ आणि तांब्याच्या नाण्यांच्या हिशेबातली ‘बाओचाओ’. चिनी भाषेत कागदी नोटेला आजही ‘चाओप्याओ’ म्हणतात, तो शब्द या दोन नावांच्या जोडणीतून आला, असे मानतात. बाओचाओ निळ्या शाईत छापलेली आहे आणि तिच्यावर लाल शिक्के आहेत. चौकटीत ढगांमधून जाणारे ड्रॅगन आणि तळाशी उसळत्या लाटा आहेत. पाच नखांचा ड्रॅगन हे सम्राटाचे चिन्ह. आणि लाटांमधून वर आलेला खडक ही चिनी चित्रकलेतली, राज्य अढळ आहे असे सांगण्याची ठरलेली रीत. दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरांची दोन वाक्ये आहेत: ‘सर्व जगात चालते’ आणि ‘देताना-घेताना समान’.

या नोटेवर काय आहे, याहून काय नाही, हे मला अधिक बोलके वाटते. नाण्यांच्या माळा गायब आहेत. सोंग, युआन आणि मिंग या तिन्ही राजवटींनी निदान चित्रात तरी दाखवलेला पैसा येथे चित्रातूनही गेला आहे, आणि उरला आहे तो फक्त सम्राटाचा ड्रॅगन. ‘समान’ हा शब्दही कागदावरच राहिला, कारण ही नोट सरकारी कचेऱ्याच पुरत्या मूल्याने स्वीकारीनात. दहा वर्षांच्या आत तिचा कारभार आटोपला.

त्याच शतकात खासगी पेढ्यांच्या नोटा मात्र नीट चालत होत्या, आणि त्यांच्या चौकटी पाहण्यासारख्या आहेत. अष्टसिद्ध, आईबापांची सेवा करणाऱ्या मुलांच्या कथा, पेओनीची फुले, वटवाघळे. वटवाघूळ पाहून आपला वाचक दचकेल. पण चिनी भाषेत वटवाघळाला ‘फू’ म्हणतात आणि सौख्यालाही ‘फू’च म्हणतात, म्हणून ते शुभ. त्याच न्यायाने मासाही शुभ, कारण ‘यू’ म्हणजे मासा आणि ‘यू’ म्हणजेच शिल्लक. नोटेवर शिल्लक असावी, हे ओघानेच आले. काही नोटांच्या कडांना नामांकित गद्याचे लांबच लांब उतारे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले आहेत. ते वाचण्यासाठी नव्हते, नक्कल करणाऱ्याला वेठीस धरण्यासाठी होते. सोंगकालीन पेढ्यांची ती जुनी युक्ती आठशे वर्षांनीही कामाला येत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी चेहरे येतात. तोपर्यंत चिनी नोटेवर माणसे होती, पण ती कथेतली किंवा पोती वाहणारी. नाव घेऊन दाखवता येईल असा चेहरा नव्हता. बीजिंगमध्ये नोटांचा सरकारी छापखाना उभारण्यासाठी चिंग सरकारने अमेरिकेतून लोरेन्झो हॅच या नामांकित कोरीवकाराला आणले. त्याने पोलादी पट्टीवर कोरलेल्या दा-चिंग बँकेच्या नोटेवर डावीकडे बालसम्राट पू-यीचे वडील आणि राज्याचे कारभारी असलेल्या राजपुत्र झाइफंगचा चेहरा आहे, आणि ड्रॅगन उरलेल्या जागेत उडतो आहे. दहा युआनच्या नोटेवर चीनची भिंत दिसते. कोरीवकाम इतके नितळ आहे की झाइफंगच्या गालावरची छाया रेघांनी केली आहे, हे भिंगाशिवाय ओळखू येत नाही. दुर्दैव असे की, या नोटा नीट चलनात येण्याआधीच १९११ ची क्रांती झाली आणि ज्याच्या नावाने त्या निघाल्या ते राज्यच संपले.

नव्या प्रजासत्ताकापुढे मग चेहऱ्याचा पेच उभा राहिला. बँक ऑफ चायनाच्या १९१२ च्या नोटांवर पीत सम्राट अवतरला. हा पुराणकथेतला आद्य पुरुष. त्याचा चेहरा कोणीच पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रारही असण्याचे कारण नव्हते. मांचू वंशाचे चिंग घराणे हटवल्यानंतर सगळ्या चिनी लोकांचा मूळपुरुष नोटेवर आणणे, हे राजकारण होते आणि ते चांगले साधले होते. बँक ऑफ कम्युनिकेशन्सने वेगळी वाट धरली. ही बँक रेल्वे, टपाल, तार आणि जहाजवाहतूक यांच्या पैशाचा कारभार पाहण्यासाठी निघालेली. तिच्या १९१४ च्या पाच युआनच्या नोटेवर वाफेचे इंजिन धुराचा लोट सोडत येते, आणि दहाच्या नोटेवर शांघायची जकात कचेरी आहे. सोंग काळातल्या त्या पोत्यांच्या कोठाराची ही मला थेट वंशज वाटते: आमच्यामागे काय उभे आहे ते पाहा.

पुढची चार दशके चीनमध्ये एकाच वेळी अनेक सत्ता होत्या आणि प्रत्येकीची वेगळी नोट होती. १९३१ मध्ये ज्यांगशीच्या डोंगराळ मुलखात स्थापन झालेल्या चिनी सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या बँकेने एक युआनची नोट काढली, तिच्यावर लेनिन आहे. खेड्यातल्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यात परका माणूस पाहिला नसेल, त्याच्या हातात रशियन पुढाऱ्याचा चेहरा. माओ त्या वेळी त्याच प्रजासत्ताकाचे अध्यक्ष होते, आणि बँकेचे प्रमुख त्यांचे सख्खे बंधू माओ झेमिन होते, तरीही चेहरा लेनिनचा.

याच्या अगदी उलट टोक १९३८ मध्ये दिसते. जपानी सैन्याने उत्तर चीन व्यापल्यानंतर बीजिंगमध्ये जपान्यांच्या आश्रयाने एक बँक निघाली. तिच्या नोटांवर जपानचे काहीही नाही. एक युआनवर कन्फ्यूशियस, पाचवर सेनापती युए फेई, दहावर वीर ग्वान यू, शंभरावर पुन्हा तोच पीत सम्राट. परक्या सत्तेने चिनी पूर्वजांचा मुखवटा घातला, एवढाच याचा अर्थ. पण त्यांतली युए फेईची निवड आजही बुचकळ्यात टाकते. हा बाराव्या शतकातला सेनापती उत्तरेकडून आलेल्या आक्रमकांशी लढला आणि दरबारातल्या तहवाद्यांच्या कारस्थानाला बळी पडून ११४२ मध्ये मारला गेला. व्यापलेल्या शहरात, आक्रमकाच्या बँकेच्या नोटेवर, आक्रमणाविरुद्ध लढलेल्या माणसाचे चित्र! ज्याने हे नाव सुचवले तो भाबडा होता की फार हुशार, हे कोण सांगणार? याच बँकेच्या एका नोटेवरील कन्फ्यूशियसचे हात कोरीवकाराने मुद्दाम अश्लील खुणेसारखे दाखवले, अशी गोष्ट संग्राहक एकमेकांना रंगवून सांगतात. हात खरोखरच चमत्कारिक दिसतात, एवढे मी पाहिले आहे. बाकीची गोष्ट मी गोष्ट म्हणूनच ऐकतो.

राष्ट्रवादी सरकारच्या नोटांवर या काळात चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन होते. १९३५ च्या चलनसुधारणेनंतर चाललेल्या ‘फाबी’ नोटांचे मूल्य युद्धात आणि त्यानंतरच्या यादवीत कोसळत गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये तीस लाख फाबीला एक ‘सुवर्ण युआन’ असा बदल करण्यात आला आणि तोही काही महिन्यांत बुडाला. मे १९४९ मध्ये शिनज्यांग प्रांताच्या बँकेने सहा अब्ज युआनची नोट काढली. तिच्यावरही सन यत-सेन आहेत. त्यांचा शांत चेहरा पाहिला तर या नोटेत काही बिघडले आहे, याचा मागमूसही लागत नाही. बिघाड फक्त आकड्यात आहे. मिंग नोटेवरच्या न हलणाऱ्या माळांची मला येथे हटकून आठवण होते.

आता माओंच्या छबीकडे येतो. पीपल्स बँक ऑफ चायना या चीनच्या आजच्या मध्यवर्ती बँकेची स्थापना १ डिसेंबर १९४८ रोजी झाली आणि त्याच दिवशी तिच्या पहिल्या नोटा निघाल्या. नोटेवर माओंचे चित्र घालण्याचा विचार झाला होता. मात्र नोट सरकार काढते, आपण पक्षाचे अध्यक्ष आहोत, सरकारचे नव्हे, असे सांगून त्यांनीच तो अमान्य केला, असे सांगितले जाते. १९४९ पूर्वी कम्युनिस्टांच्या ताब्यातील काही प्रदेशांच्या बँकांनी माओंचे चित्र वापरले होते, हे खरे; परंतु पीपल्स बँकेच्या पहिल्या मालिकेतील ६२ नमुन्यांपैकी एकावरही ते नाही. त्यांवर शेताला पाणी देणारी माणसे आहेत, खाणी, आगगाड्या, नांगर आणि गिरण्या आहेत. चिनी नोटेवर कष्ट करणारा माणूस इतक्या ठळकपणे त्याआधी कधी आलेला नव्हता.

दुसरी मालिका १ मार्च १९५५ रोजी आली. जुन्या दहा हजारांना नवा एक युआन असा तिचा दर होता. त्यातल्या तीन सर्वांत लहान नोटा माझ्या संग्रहात आहेत, आणि तिन्हींची मिळून किंमत जेमतेम एका टपाल तिकिटाएवढी असली तरी मी त्या सर्वांत जास्त वेळा बाहेर काढतो. एक फेनची (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग) नोट नऊ सेंटिमीटर लांब आणि सव्वाचार सेंटिमीटर रुंद, पिवळट तपकिरी, मधल्या घडीवर मऊ पडलेली. तिच्यावर ट्रक आहे. दोन फेनच्या निळ्या नोटेवर विमान, पाच फेनच्या हिरव्या नोटेवर जहाज. नोटक्रमांकाच्या जागी रोमन आकडे आहेत. मागे राष्ट्रचिन्ह असून मंगोल, तिबेटी आणि उइगूर लिपींत मजकूर आहे. पुढच्या मालिकेत त्यांना झुआंग भाषेची जोड मिळाली.

जहाज खरे आहे. ‘हाय-ल्याओ’ नावाच्या या जहाजाच्या खलाशांनी सप्टेंबर १९४९ मध्ये हाँगकाँगहून निघून, वाटेत जहाजाचे नाव आणि रंग बदलून, ते उत्तरेकडच्या दाल्येन बंदरात आणले आणि नव्या सत्तेच्या स्वाधीन केले. ट्रकची गोष्ट वेगळी आहे. नोटेवर १९५३ हे साल आहे. चीनमध्ये तयार झालेला पहिला ट्रक चांगचुनच्या कारखान्यातून बाहेर पडला तो जुलै १९५६ मध्ये. त्याच मालिकेतल्या एक जिआओच्या (युआनच्या दहाव्या भागाच्या) नोटेवर ट्रॅक्टर आहे, आणि पहिला देशी ट्रॅक्टर लुओयांगला तयार झाला तो १९५८ मध्ये. म्हणजे या चित्रांत देशात काय आहे ते दाखवलेले नाही, काय असायला हवे ते दाखवले आहे. मिंग सरकारने न देता येणारी नाणी दाखवली, तशीच ही न झालेली यंत्रे. फरक एवढाच की यंत्रे पुढे खरोखर झाली. तिसऱ्या मालिकेतल्या दोन जिआओच्या नोटेवर वुहानचा यांगत्से पूल आहे. तो १९५७ मध्येच वाहतुकीला खुला झाला होता, म्हणजे चित्र छापले तेव्हा तो जागेवर उभा होता.

तिसऱ्या मालिकेतही माओ नाहीत. एक युआनवर ट्रॅक्टर चालवणारी हसरी तरुणी आहे, तिचे मूळ पहिल्या महिला ट्रॅक्टरचालकांपैकी एक असलेल्या लियांग जुन यांच्यात शोधले जाते. दोनवर लेथवर काम करणारा कामगार, पाचवर पोलाद ओतणारा. दहावर लोकप्रतिनिधी सभागृहातून घोळक्याने बाहेर पडत आहेत. या नोटेला लोक ‘मोठी एकजूट’ म्हणत, आणि ती १९६६ च्या जानेवारीत चलनात आली. त्याच वर्षी सांस्कृतिक क्रांतीने त्या एकजुटीच्या चिंधड्या उडवल्या. माओंचा चेहरा भिंतीभिंतीवर आणि कोटाकोटावर होता तो हाच काळ. नोटेवर मात्र तेव्हाही नव्हता.

पीपल्स बँकेच्या नोटेवर माओ प्रथम दिसले ते चौथ्या मालिकेतल्या शंभर युआनच्या नोटेवर, १९८८ मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी. तेही एकटे नव्हेत: झोऊ एनलाय, ल्यू शाओछी आणि झू द या सहकारी नेत्यांसह चौघे जण एका ओळीत, दगडात कोरल्यासारखे, एका बाजूने दिसणारे. सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसून बंदिवासात मेलेले ल्यू शाओछी आणि त्या क्रांतीची हाक देणारे माओ येथे खांद्याला खांदा लावून आहेत. त्याच मालिकेतल्या पन्नासच्या नोटेवर कामगार आणि शेतकऱ्याच्या रांगेत बुद्धिजीवी उभा आहे, तोही दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्या रांगेत उभा राहू शकला नसता. सर्व मूल्यांच्या नोटांवर माओ एकटे आले ते १ ऑक्टोबर १९९९ पासून सुरू झालेल्या पाचव्या मालिकेत. म्हणजे ‘प्रारंभापासून’ या शब्दाच्या जागी ‘पाचव्या मालिकेपासून’ असे हवे होते.

ही दुरुस्ती आपण छापाल, याची खात्री आहे. आणखी एक विनंती आहे. लेखासोबत मिंग नोटेचे चित्र टपाल तिकिटाएवढे छापले होते आणि त्यात माळांच्या जागी केवळ एक करडा डाग दिसत होता. दुरुस्तीबरोबर ते चित्र पुन्हा छापणार असाल, तर कृपया दहाच्या दहा माळा मोजता येतील एवढ्या आकाराचे छापावे.

कळावे,
आपला नम्र,
एक नोटासंग्राहक वाचक